आठ चाकांची गाडी

सप्टेंबरात भाचा पुण्याहून जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आला. महिनाभरात त्याने एक सेकंडहँड गाडी घेतली. किल्ली देताना विकणाऱ्याने तळघरातून आणखी चार चाकं काढून त्याच्यापुढे मांडली. लगेच मला फोन. "मामा, स्टेपनी एक असते एवढं माहीत होतं. चार कशाला?"

अर्धं उत्तर फोनवर दिलं, ही चार हिवाळ्यासाठी. उरलेलं पुढच्या शनिवारी त्याच्या इमारतीमागच्या अंगणात, जॅक लावता लावता. तेच इथे जरा सविस्तर मांडतोय, कारण दर ऑक्टोबरात कुणी ना कुणी नवा आलेला हाच प्रश्न विचारतो.

पुण्यातल्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. २४ अंशांच्या आसपास ते थिजू लागतं. टायरचं रबर असं एकदम गोठत नाही, हळूहळू कडक होत जातं, पण प्रवास त्याच दिशेचा. रबराची पकड येते ती त्याच्या लवचीकपणातून. डांबरातल्या खडीच्या बारीक खाचाखोचांवर ते बसतं, त्यांत शिरतं आणि तिथून सुटताना अडून राहतं. उन्हाळी टायरचं रबर तापल्या रस्त्यावर ढिलं पडू नये म्हणून मुद्दाम कडक केलेलं असतं. पारा शून्याखाली गेला की ते खाचाखोचांत शिरतच नाही, वरवर घसरतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचा मेळ असा घातलेला असतो, की उणे तापमानातही ते मऊ राहतं. आणि हाच टायर जुलैच्या उन्हात चालवला, तर खोडरबरासारखा झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. दोन्ही ऋतूंना पुरेल असं एकच रबर अजून कुणाला नीट साधलेलं नाही, म्हणून आठ चाकं.

'७ अंशांच्या खाली हिवाळी टायर' हा नियम इथे सगळे सांगतात. ती काही लक्ष्मणरेषा नाही. कोरड्या रस्त्यावर ५ अंशांतसुद्धा चांगला उन्हाळी टायर मागे पडेलच असं नाही. नियमाचा खरा उपयोग वेगळा आहे. दुपारी ७ अंश असतील तर पहाटे शून्य असू शकतं, आणि पहाटे ऑफिसला निघालेल्या माणसाला चाकं बदलायला वेळ नसतो. जर्मन लोक त्याहून सोपं सांगतात, 'फॉन ओ बिस ओ'. ओक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत.

आता नक्षीकडे या. भाच्याला मी दोन्ही टायर शेजारी ठेवून दाखवले. उन्हाळी टायरवर पाणी बाहेर फेकायला रुंद खोबणी असतात आणि मधले ठोकळे सलग असतात. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक नागमोडी चिरा असतात. खमंग काकडीसाठी काकडी चोचवतो ना, तशा. अंगठ्याने ठोकळा दाबला की त्या उघडतात. चाक फिरताना त्यांच्या शेकडो छोट्या कडा बर्फाला ओरखडत जातात.

पण खरी गंमत खोबणीत आहे. चाक बर्फावरून गेलं की खोबणीत बर्फ ठासून भरतो. आपल्याला वाटतं, आता टायर गुळगुळीत झाला, गेली पकड. होतं उलटंच. ताज्या बर्फाला सगळ्यात चांगला चिकटतो तो बर्फच. रव्याचा लाडू वळताना मूठ दाबली की रवा रव्याला धरतो, त्यातला हा प्रकार. टायरने स्वतःच्या अंगावर बर्फाचे दात बसवून घेतलेले असतात आणि ते रस्त्यावरच्या बर्फाला धरतात. म्हणून नक्षी खोल हवी. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली पुरते, पण तेवढ्या खोबणीत लाडू वळला जात नाही. आडाक हा इथला मोठा वाहनचालक संघ ४ मिलिमीटरच्या खाली हिवाळी टायर वापरू नका म्हणतो, आणि शेजारच्या ऑस्ट्रियात तर कायदाच ४ मिलिमीटरचा आहे. मोजायला २ युरोचं नाणं खोबणीत उभं घालायचं. त्याची चंदेरी कड साधारण ४ मिलिमीटरची असते. ती पूर्ण बुडाली नाही, तर टायर जुना झाला.

वयही पाहायचं. टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. ३८२१ म्हणजे २०२१ सालचा ३८वा आठवडा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका गृहस्थाकडून चार टायर अगदी स्वस्तात घेतले होते. नक्षी उत्तम, जणू नवे. आकडे बघावेत हे कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरातल्या एका सकाळी लाल सिग्नलला, माणूस चालतो त्याहून जरासाच जास्त वेग असताना, ब्रेक दाबला. गाडी आवाज न करता पुढे सरकत राहिली आणि चौकाच्या बरोबर मधोमध थांबली. समोरच्या ट्रामचालकाने घंटा वाजवली, एवढंच. संध्याकाळी टॉर्च घेऊन टायर वाचले. अकरा वर्षांचे होते. रबर नखाला दगडासारखं लागत होतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जर्मनीत हिवाळी टायरला ठरलेली तारीख नाही, परिस्थिती ठरलेली आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी किंवा गोठलेलं दंव असेल, तर त्या दिवशी हिवाळी टायर हवेच. नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर ८० युरो. पूर्वी टायरवर 'एम प्लस एस' एवढी अक्षरं असली तरी चालायचं. पण त्या अक्षरांमागे कुठलीही ठरलेली चाचणी नव्हती, कारखान्याने लिहिली की झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती पुरत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, हे चित्र टायरवर हवं. बर्फावर चाचणी दिल्याशिवाय ते मिळत नाही. बाराही महिने चालणाऱ्या काही टायरांवरही हे चित्र असतं. ऱ्हाइनच्या सखल खोऱ्यात राहून फक्त शहरात फिरणाऱ्याने ते घेतले तर मी नावं ठेवणार नाही. आमच्यासारख्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याने तो मोह टाळावा.

आणि चारही चाकांना हिवाळी टायर हवेत. 'पुढची चाकं गाडी ओढतात, मग पुढे दोनच लावू' हा हिशेब आपल्याकडच्या कुणालाही सुचेल, भाच्यालाही सुचला. पुढे पकड आणि मागे नाही अशी गाडी वळणावर ब्रेक लावला की भोवऱ्यासारखी फिरते. पुढचं टोक थांबतं, मागचं थांबत नाही, मग ते पुढच्याला ओलांडून जायला बघतं.

आता चाकं बदलायची. बहुतेक लोक गॅरेजमध्ये वेळ घेतात, आणि पहिला बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तीन आठवडे वेळ मिळत नाही. स्वतः करायला तासभर लागतो.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर घातलेला. बोल्ट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा आटा. जॅक लावल्यावर पान्यावर जोर दिला तर चाक फिरतं, आणि गाडी जॅकवरून निसटू शकते. जॅक लावायची जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, दाराखालच्या पत्र्यावर तिची खूण असते. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

भाच्याचे पाचही बोल्ट निघाले, पण चाक निघेना. त्याला वाटलं, एखादा बोल्ट राहिला. तसं नव्हतं. रिमचं मधलं भोक ज्या गोल उंचवट्यावर बसतं, तिथे गंज धरून दोन्ही चिकटली होती. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची ही देणगी. अशा वेळी दोन बोल्ट काही आटे परत लावून ठेवायचे, म्हणजे चाक अंगावर पडत नाही, आणि टायरला बाजूने टाचेने लाथ घालायची. तिसऱ्या लाथेला 'ठक्' आवाज आला. आतला तांबूस थर तारेच्या ब्रशने घासून काढला. हे घासणं टाळलं तर नवं चाक नीट टेकून बसत नाही आणि पुढे कधीतरी बोल्ट सैल पडतात. बोल्टांच्या आट्यांना मात्र तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. ओशट बोल्ट त्याच जोराने प्रमाणाबाहेर आवळला जातो.

टायरच्या बाजूवर बाण असेल तर चाक पुढे जाताना त्याच दिशेने फिरलं पाहिजे. भाच्याने पहिलंच चाक उलटं लावलं होतं. बोल्ट आधी हाताने फिरवायचे, पान्याने नाही, म्हणजे आटे वाकडे जात नाहीत. उन्हाळी चाकं अलॉयची आणि हिवाळी स्टीलची असतील, तर बोल्टांचे दोन वेगळे संच असू शकतात. विकणाऱ्याने डब्यात दिलेले दुसरे बोल्ट 'जास्तीचे' समजून फेकू नका. आवळताना शेजारचा नाही, समोरचा, चांदणी काढल्यासारखा क्रम. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर गाठला की इशारा देणाऱ्या पान्याने. किती, ते पुस्तकात असतं. छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ११० ते १४० न्यूटन मीटर. पान्यावर उभं राहून नाचायची आपली पद्धत इथे नको. ५० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. काढलेल्या चाकांवर खडूने लिहून ठेवायचं, पुढचं डावं, मागचं उजवं वगैरे. एप्रिलमध्ये आपल्याला आठवत नाही.

हवा तपासायची ती गार टायरची. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब अंदाजे ०.१ बारने उतरतो. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा जानेवारीत कमी पडते. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी ठेवायची, असा सल्ला एखादा जाणकार देतो. महामार्गावर चालणाऱ्या गाडीला तो लागू नाही.

एवढं झाल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे आता बर्फात बिनधास्त." नाही.

समजा, पकड म्हणजे तुमच्या खिशातले पैसे. कोरड्या डांबरावर खिशात ८० रुपये असतात. दाबल्या गेलेल्या बर्फावर, चांगले हिवाळी टायर असतानाही, २५. नुसत्या काचेसारख्या बर्फावर १०. ब्रेक, वळण, वेग वाढवणं, सगळा खर्च याच खिशातून. वळणावर २० रुपये खर्च होत असतील तर ब्रेकला ५ उरतात. तुम्ही १५ चा ब्रेक दाबला की उधारी, आणि रस्ता उधार देत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, हलका. मग वळण. मग हळूच ॲक्सिलरेटर. एका वेळी एकच काम.

याचं गणितही करून दाखवलं. ताशी ५० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यापासून कोरड्या रस्त्यावर गाडी १२-१३ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर साधारण ४० मीटर. निव्वळ बर्फाच्या काचेवर १०० मीटरच्या घरात. आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात १४ मीटर जातात, ते वेगळे. पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने बदलतं, हे आपल्या फायद्याचंही आहे. ५० चे ३० केले की बर्फावरचे ४० मीटर १४ वर येतात. वेग कमी करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तो टायरच्या दुकानात मिळत नाही.

"माझ्या मित्राची फोर व्हील ड्राइव्ह आहे" हे वाक्य पार्किंगमध्ये फार ऐकू येतं. चारही चाकांना इंजिनचा जोर मिळाला तर गाडी सुटते छान, चढतेही छान. थांबताना मात्र प्रत्येक गाडीला चारच चाकांवर ब्रेक असतात, तुमच्याही आणि त्याच्याही. उलट सहज पळते म्हणून त्याला रस्ता किती निसरडा आहे हे कळत नाही. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ देत नाही, ईएसपी गाडी आडवी फिरू देत नाही, पण त्यांचंही तसंच. खिशातले पैसे कुठल्या चाकाने कधी खर्चायचे, हे ती यंत्रणा आपल्यापेक्षा फार चांगलं ठरवते, पण खिशात भर घालत नाही. एबीएस चालू झाल्यावर पायाखाली खडखड होते. नवखा माणूस घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही, दाबून धरायचा आणि जिथे जायचं तिकडे बघत स्टिअरिंग वळवायचं. खड्ड्याकडे बघितलं तर हात गाडी खड्ड्यातच नेतात. हे सायकल शिकताना आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

आपल्या लोकांना एका गोष्टीचा फायदा मात्र नक्की आहे. श्टुटगार्टहून उल्मकडे जाताना ए ८ महामार्ग श्वेबिशे आल्बचा डोंगर चढतो आणि साडेसातशे मीटरच्या वर जातो. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला पोचावं, त्याच जातीची चढण. बर्फ पडला की इथे ट्रक आडवे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ही आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांची शिकवण इथे शब्दशः लागू पडते. उतारावर इंजिनने वेग धरायचा, ब्रेक नुसता टेकवायचा. चढाला सुरुवात करण्यापूर्वी पुढची गाडी वर पोचू द्यायची, कारण मध्ये थांबलात तर पुन्हा सुटणं कठीण. सुटताना चाक जागीच फिरायला लागलं तर दुसऱ्या गिअरमध्ये सोडून बघायचं. जास्त ॲक्सिलरेटर दिला की चाक बर्फ घासून गुळगुळीत करतं आणि स्वतःसाठीच आरसा तयार करतं.

मराठीत भुसभुशीत बर्फही बर्फ आणि काचेसारखा बर्फही बर्फ. गाडी चालवणाऱ्याला हा फरक जन्ममरणाचा आहे. भुसभुशीत बर्फ दिसतो, पांढरा असतो, माणूस आपोआप सावध होतो. काचेचा दिसत नाही. तो ओल्या डांबरासारखा काळाच दिसतो. आणि तो जास्त घातक उणे १५ ला नसतो, शून्याच्या आसपास असतो. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, तिथे पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो. मायकेल फॅरडेने १८५० मध्येच हे सुचवलं होतं. शून्याच्या जवळ हा थर वाढतो आणि टायर त्यावर तरंगतो. कडक थंडीत तो आक्रसतो आणि त्याच बर्फावर थोडी पकड मिळते.

पुलांवर हा बर्फ आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. जंगलातल्या सावलीच्या पट्ट्यातही तो टिकून राहतो. गाडीच्या पडद्यावर ३-४ अंशांनाच इशारा लुकलुकतो तो यासाठीच. मोजणी हवेची असते, रस्ता त्याहून गार असू शकतो. पहिल्या पावसात घाटातला रस्ता आपण जसा चालवतो, हाताने चाचपडत, तसाच हा चालवायचा. टायरांचा आवाज अचानक बंद झाला आणि स्टिअरिंग हलकं लागलं, तर काहीही करायचं नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग धरून ठेवायचं, वाट बघायची.

निघण्यापूर्वी सगळ्या काचा, दिवे आणि टपावरचा बर्फ झाडायचा. काचेवरच्या बर्फात झरोक्याएवढं भोक पाडून निघणाऱ्याला पोलीस थांबवतात. टपावरचा बर्फ पहिल्याच ब्रेकला घसरून समोरच्या काचेवर येतो. इंजिन चालू ठेवून गाडी गरम होईपर्यंत आत बसणं इथे कायद्याला मान्य नाही. वायपरच्या पाण्यात न गोठणारं द्रव्य घालायचं. आणि कुलूप सोडवायचा स्प्रे गाडीत ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा. हे मी दोनदा शिकलो.

आल्प्समध्ये निळ्या गोल पाटीवर साखळी गुंडाळलेलं चाक दिसलं, की टायरवर साखळ्या चढवल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या जोर मिळणाऱ्या चाकांना लावतात, आणि जर्मनीत त्यानंतर ताशी ५० ची मर्यादा. पहिल्यांदा त्या घराच्या अंगणात, कोरड्या हवेत बांधून बघा. अंधारात गोठलेल्या बोटांनी बांधणं वेगळं.

साखळ्यांवरून मनालीचा विषय निघाला. डिसेंबरात एमएच पाटीच्या गाड्या सोलंगच्या रस्त्यावर आडव्या झालेल्या दिसतात. भारतात गाड्यांना मिळतात ते टायर आपल्या उन्हापावसाचे. ते हिमाचलच्या बर्फात चालवायचे नसतात. बर्फ पडला असेल तर आपली गाडी मनालीत ठेवावी आणि साखळ्या लावलेली स्थानिक गाडी ड्रायव्हरसकट घ्यावी. तो रोज तेच करतो. आणि बर्फात अडकून गाडीतच रात्र काढायची वेळ आली, तर इंजिन सतत चालू ठेवायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरायचा, थोडा वेळ हीटर, मग बंद, एक काच बोटभर उघडी. मागच्या सीटवर घोंगडी असली म्हणजे इंजिनची गरजच कमी लागते.

भाच्याने अंगण आवरलं, उन्हाळी चाकं रिमसकट एकावर एक रचून तळघरात ठेवली. बुधवारी रात्री त्याचा फोन.

"मामा, ५२ किलोमीटर झाले. पाना लावला."

"मग?"

"तीन चाकं ठीक. मागच्या उजव्याचा एक बोल्ट पाव आटा फिरला."

"तिथे गंज कुणी घासला होता?"

पलीकडे जरा शांतता. "तिथे ब्रश पोचत नव्हता, मामा."

शनिवारी पुन्हा येतो म्हणून सांगितलं.